एप्सन एमएक्स-८० घेण्याआधी आणि घेतल्यावर: जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर कसा तपासावा

प्रश्न थोडक्यात असा: घरी चालू स्थितीतला बीबीसी मायक्रो, म्हणजे १९८०च्या दशकातला ब्रिटिश छोटा संगणक, आहे. जुन्या सामानाच्या एका विक्रेत्याकडे एप्सनचा एमएक्स-८० दिसला. विक्रेता म्हणतो, "लाइट लागते, म्हणजे चालू आहे." दुकानात काय बघायचं, घरी आणल्यावर काय करायचं, आणि तो बीबीसीला जोडता येईल का?

जोडता येईल, आणि ही जोडी छान जमते. पण आधी विक्रेत्याला फोन करून सांगा की मी येईपर्यंत तो प्लगला लावू नका. "लाइट लागते" यातून एवढंच कळतं की आतला ५ व्होल्टचा पुरवठा शाबूत आहे. हेड (रिबनवर पिना मारून कागदावर ठिपक्यांनी अक्षरं उमटवणारा भाग) आणि मोटरी चालतात २४ व्होल्टवर. तो पुरवठा बंद पडलेला असला तरी पुढचे दिवे नेहमीसारखे लागतात. उलट, कित्येक वर्षं पडून राहिलेल्या यंत्राचं कॅरेज, म्हणजे हेडला डावी-उजवीकडे नेणारी गाडी, तेल घट्ट होऊन अडकलेलं असतं, आणि गिऱ्हाईक आलं की दर वेळी ते चालू करून दाखवल्याने मोटर आणि तिचे ट्रान्झिस्टर उगाच ताणले जातात. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची निम्म्याहून जास्त तपासणी वीज न लावता, हाताने आणि डोळ्यांनी होते. हे यंत्र मुळात यांत्रिक आहे, इलेक्ट्रॉनिक्स नंतर.

यंत्र मात्र मोलाचं आहे. एमएक्स-८० आला १९८० मध्ये. नऊ पिनांचं हेड, सेकंदाला ८० अक्षरं, जाता-येता दोन्ही दिशांनी छपाई, आणि ओळ जिथे संपते तिथूनच परत फिरण्याची सोय. हे सगळं घरातल्या टेबलावर मावेल अशा आकारात मिळालं, म्हणून त्या काळच्या छोट्या संगणकांसोबत तो जगभर गेला. आयबीएमने १९८१ मध्ये पीसीबरोबर दिलेला ५१५२ हा प्रिंटर म्हणजे रॉम (आतला प्रोग्रॅम कायमचा साठवणारी चिप) बदललेला आणि वर आयबीएमचं नाव लावलेला एमएक्स-८०च. त्याच्या आज्ञांची पद्धत पुढे इतक्या कंपन्यांनी उचलली की "एप्सन कम्पॅटिबल" ही प्रिंटरची जातच झाली. या यंत्रातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे हेड. त्याआधी हेड गेलं की प्रिंटर दुरुस्तीला पाठवावा लागे. एमएक्स-८०चं हेड खिळ सोडवून, चपटी केबल काढून, वापरणाऱ्याने स्वतः बदलायचं अशी रचना होती.

त्या हेडचं आयुष्य कंपनी पाच ते दहा कोटी अक्षरं सांगायची. पानावर सरासरी दोन हजार अक्षरं धरली तर पाच कोटी म्हणजे पंचवीस हजार पानं. घरगुती वापरात एवढी छपाई क्वचितच होते. हिशेब किंवा बिलं छापणाऱ्या कार्यालयात मात्र दोन-तीन वर्षांत सहज होते. म्हणून विक्रेत्याला विचारण्यासारखा सगळ्यात कामाचा प्रश्न म्हणजे यंत्र कुठून आलं. शिक्षकाच्या घरातून आलेला कळकट प्रिंटर आणि गोदामाच्या ऑफिसातून आलेला चकचकीत प्रिंटर समोरासमोर असतील तर मी कळकट उचलेन.

आता दुकानात. यंत्र आधी उलट बाजूने फिरवा आणि व्होल्टेजची पट्टी वाचा. आपल्याकडे दिसणाऱ्या या पिढीच्या प्रिंटरांपैकी बरेचसे कुणीतरी परदेशातून येताना सोबत आणलेले असतात. इंग्लंडकडचा असेल तर २२०-२४० व्होल्टचा, आणि आपल्याकडे तसाच चालतो. अमेरिकेकडचा असेल तर १२० व्होल्टचा, आणि तो सरळ भिंतीतल्या २३० व्होल्टला लावला की फ्यूज, नाहीतर ट्रान्सफॉर्मरच जातो. प्लगवर विश्वास ठेवू नका. मूळचा कापून आपला तीन पिनांचा प्लग लावलेला असतो, आणि मागची पट्टी अजून १२०च सांगत असते. १२० व्होल्टचा प्रिंटर घ्यायला हरकत नाही, दीडशे व्हीएच्या आसपासचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर पुरतो. पण आधीच कुणी तो २३०ला लावून पाहिलाय का, हे स्पष्ट विचारा. झाकणाच्या फटींशी नाक नेऊन वास घ्या. जळलेल्या वार्निशचा वास वर्षानुवर्षं जात नाही.

त्याच पट्टीवर मॉडेलचं नाव नीट पाहा. साधा एमएक्स-८० फक्त ट्रॅक्टरने, म्हणजे दोन्ही कडांना भोकं असलेला सलग कागद ओढतो. नावापुढे "एफ/टी" असेल तर ट्रॅक्टरबरोबर रोलरच्या घर्षणानेही कागद सरकतो, म्हणजे साधा सुटा कागद चालतो. साध्या मॉडेलमध्ये ए-फोर कागद घालून "फीड होत नाही, बिघडलाय" असं ठरवलं जातं, आणि चांगली यंत्रं भंगारात जातात. तुमच्यासाठी एफ/टी जास्त सोयीचा. ट्रॅक्टरचे दोन्ही भाग आहेत का आणि त्यांच्या झडपा तुटलेल्या नाहीत ना, हे मात्र दोन्हींत पाहा. चार दशकांनी ते प्लास्टिक ठिसूळ होतं, आणि सुटे मिळणं कठीण असतं.

मग वरचं झाकण उघडा, रिबनची कार्ट्रिज काढा आणि कॅरेज बोटाने हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकवा. वीज बंद असताना. पूर्ण प्रवासात सारखाच, हलका अडथळा जाणवला पाहिजे. स्टेपर मोटरमुळे बारीक टकटक हाताला लागते, ती नैसर्गिक आहे. सगळीकडे सारखंच जड लागत असेल तर जुनं तेल घट्ट झालंय, घाबरू नका, साफ केलं की सुटतं. एखाद्याच जागी अडत असेल तर तिथे थांबा आणि कॅरेज ज्यावर सरकतं त्या दांड्याकडे टॉर्च लावून पाहा. मुंबईत किंवा कोकणात माळ्यावर राहिलेल्या यंत्रांच्या दांड्यांना खाऱ्या दमट हवेने गंजाचे खड्डे पडतात. वरवरची तांबूस साय पुसून निघते. बोटाच्या नखाला खड्डा लागला तर कॅरेजच्या बुशा (दांड्यावर सरकणारी कडी) तिथे घासत राहणार आणि छपाई कायम हलणार. असं यंत्र मी फक्त सुट्या भागांसाठी घेतो. दात असलेला पट्टा ताणलेला आहे का, दात झडलेत का, हेही याच वेळी दिसतं.

सगळ्यात जास्त वेळ हेडला द्या. रिबन काढल्यावर हेडचं नाक, म्हणजे रोलरकडे असलेलं टोक, भिंगाने किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन पाहा. तिथे उभ्या ओळीत नऊ बारीक टोकं दिसायला हवीत, प्रत्येक मिलिमीटरच्या साधारण एक तृतीयांश जाडीचं. सगळी एका पातळीत, किंचित आत. एखादं भोक रिकामं असेल तर ती पिन तुटली. एखादं टोक बाहेर आलेलं असेल तर ती पिन अडकलीय, आणि तशीच चालवली तर रिबन फाडेल व स्वतःही मोडेल. नऊही दिसत असतील पण वर काळा चिकट थर असेल, तर ती वाळलेली शाई आहे. तिच्यावर उपाय आहे.

विक्रेता परवानगी देत असेल तर हेड काढून मल्टिमीटर लावा. प्रत्येक पिन पुढे ढकलायला तारेची एक कॉइल असते; सामायिक टोकापासून नऊही कॉइलांचा रोध मोजायचा. नेमका आकडा किती असावा याची चिंता करू नका. नऊ वाचनं एकमेकांच्या जवळ आली पाहिजेत, एवढंच बघा. एक अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटली किंवा चपटी केबल चिरली. एक बाकीच्यांपेक्षा ठळकपणे कमी असेल तर कॉइल आतून जळलीय. ते हेड तसंच वापरलं तर ते बोर्डावरचा ट्रान्झिस्टरही सोबत घेऊन जाईल.

उलटही होतं, आणि ते जास्त महागात पडतं. प्रत्येक पिनेमागे बोर्डावर एक ट्रान्झिस्टर असतो. तो कॉइलला २४ व्होल्टचा झटका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ देतो. त्या कॉइलची तेवढीच सहनशक्ती आहे. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर कॉइलला वीज सलग मिळत राहते, आणि ती काही सेकंदांत जळते. म्हणजे हेड जळालेलं दिसलं आणि तुम्ही हौसेने दुसरं आणून बसवलं, तर चालू करताच तेही जळणार. म्हणून नियम पाळा: हेड खराब निघालं तर आधी ट्रान्झिस्टर तपासा, मग दुसरं हेड हातात घ्या. वीज बंद ठेवून, हेडची केबल काढून, प्रत्येक ट्रान्झिस्टरचा कलेक्टर ते एमिटर मोजा. उलटसुलट दोन्ही दिशांनी शून्याच्या जवळ आकडा आला की तो गेला. तपासण्यासाठी हेडच्या कॉइलला बाहेरून २४ व्होल्ट लावून "पिन हलते का" पाहायची सवय काही कारागिरांना असते. ते करू नका, करू देऊ नका. हातातल्या वायरीचा स्पर्श कितीही क्षणभराचा वाटला तरी कॉइलच्या हिशेबाने तो फार लांबतो.

हेड ठीक, दांडे ठीक, जळका वास नाही, एवढं जमलं की घ्या. बाकी सगळं घरी दुरुस्त होण्यासारखं असतं.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी फक्त सफाई. खोका उघडा. आत झुरळांची विष्ठा, पालीची अंडी, कागदाचा भुगा हे ठरलेलं. झुरळांची घाण बोर्डावरचे तांब्याचे पट्टे खाते, म्हणून ती नुसती झटकू नका, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुवून काढा. काही प्रिंटरांत आवाज दाबायला लावलेला फोम असतो, तो आता चिकट भुग्यासारखा झालेला असेल. तो सगळा खरवडून टाका. त्याचे कण कॅरेजच्या दांड्यावर आणि सेन्सरमध्ये गेले की वेगळीच दुखणी सुरू होतात. दांडे अल्कोहोलच्या फडक्याने कोरडे चकचकीत करा, कॅरेजच्या बुशांजवळचं काळं तेल निघेपर्यंत कॅरेज मागेपुढे करा, आणि मग शिलाई मशीनचं तेल एक-दोन थेंब. गंज सोडवायचा स्प्रे दांड्यांवर मारून तसाच ठेवू नका. तो जुनं तेल विरघळवतो आणि उडून गेल्यावर मागे चिकट थर ठेवतो. रबरी रोलरलाही अल्कोहोलचं फडकं एकदा फिरवून लगेच कोरडं करा. कडक, काचेसारखा झालेला रोलर ठशाचा धक्का झेलत नाही आणि कागदही सरकवत नाही.

हेडच्या नाकावरची शाई काढायला घाई नको. छोट्या झाकणात दोन-तीन मिलिमीटर अल्कोहोल घ्या, नाक खाली करून तेवढंच बुडवा, कॉइलपर्यंत द्रव जाऊ देऊ नका. थोड्या वेळाने सुती कापडावर टेकवून शाई टिपा. कापडावर डाग उमटायचे थांबेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करा. टाचणीने पिना ढकलायच्या नाहीत. नाकातलं मार्गदर्शक भोक किंचित झिजलं तरी पिन तिरकी मारू लागते.

पहिल्यांदा वीज देताना हेडची केबल काढलेलीच ठेवा आणि मध्ये सिरीज बल्ब घ्या. आपल्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानांतला हा जुना रिवाज अशा यंत्रांसाठी अगदी योग्य आहे. साधा ६० किंवा १०० वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि प्रिंटर वाचतो. नसेल तर क्षणभर उजळून मंद होतो. मंद झाला की बंद करून बल्ब काढा आणि सरळ वीज द्या. कॅरेज आपोआप डावीकडे, आपल्या मूळ जागी गेलं पाहिजे. दिवे लागले पण कॅरेज हललंच नाही, तर २४ व्होल्टचा पुरवठा किंवा त्याचा फ्यूज पाहा. कॅरेज डावीकडच्या पत्र्यावर खडखड आपटत राहिलं, तर लगेच बंद करा. मूळ जागा ओळखणारा सेन्सर धुळीने बुजलेला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. "कागद नाही" हा दिवा कागद असूनही जात नसेल तर कागदाखालची छोटी पट्टी अडकलीय, ती बोटाने हलवून मोकळी करा.

बीबीसी मायक्रोबद्दलही एक गोष्ट इथेच सांगतो, कारण तुम्ही दोन्ही एकाच विजेच्या स्विचबोर्डवर लावणार. आपल्याकडे १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या क्लास या शालेय संगणक शिक्षणाच्या सरकारी प्रकल्पातून बीबीसी मायक्रो शाळाशाळांत पोचले. तुमचाही तसाच आला असू शकतो. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये वीज गाळणारे, पारदर्शक पिवळ्या कवचाचे रिफा कपॅसिटर असतात. त्या कवचाला बारीक चिरा गेल्या की आत दमटपणा शिरतो आणि एक दिवस धुराचा लोट सोडून ते फुटतात. बदललेले नसतील तर प्रिंटर जोडण्याआधी बदला.

आता हेड जोडा, नवी रिबन आणि रोलरभर रुंद कागद घाला. रिकाम्या रोलरवर कधीच छापू नका. वाळलेल्या रिबनवरही नको: शाई पिनांना तेलही पुरवते, कोरड्या रिबनवर त्या लवकर झिजतात. याच कारणाने शिक्क्याच्या पॅडची शाई रिबनवर ओतू नका. तिच्यात ते तेल नसतं. प्रिंटर बंद असताना एलएफ (लाइन-फीड, म्हणजे कागद एक ओळ सरकवणारं) बटण दाबून धरा आणि तसंच चालू करा. प्रिंटर स्वतःची चाचणी छापू लागेल. संगणकाची गरज नाही. एक-दोन पानं होऊ द्या आणि बंद करा. हेड आता तापलेलं असेल, बोट लावू नका.

हे चाचणीचं पान म्हणजे यंत्राची खरी तपासणी. ते उजेडात धरून सावकाश वाचा.

सगळ्या अक्षरांतून एकच आडवी पांढरी रेघ जात असेल तर त्या उंचीची पिन मारत नाही. कॉइल आधी मोजलेली आहे, म्हणून संशय आता ट्रान्झिस्टरवर किंवा जोडणीवर. ती रेघ कागदाच्या फक्त डाव्या किंवा फक्त उजव्या भागात असेल तर पिन आणि ट्रान्झिस्टर दोन्ही निर्दोष आहेत. चपटी केबल वाकते त्या जागी आतून चिरलीय, कॅरेज ठरावीक ठिकाणी गेलं की तिचा संपर्क सुटतो. हा बिघाड हेडच्या माथी मारून चांगली हेडं फेकली गेलेली मी खूप पाहिली आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. मोठ्या अक्षरांत सगळं ठीक, पण रोमन लिपीतल्या जी, जे, पी, क्यू, वाय या छोट्या अक्षरांच्या शेपट्या तुटक, तर खालच्या दोन पिना पाहा. मोठी अक्षरं वरच्या सातांवर भागतात, त्यामुळे त्यांच्याकडे बघून आठवी-नववी पिन मेल्याचं कळत नाही.

एकाखाली एक आलेल्या उभ्या रेघा ओळीआड डावी-उजवीकडे सरकलेल्या दिसल्या तर जाता-येता छपाईचा मेळ चुकतोय. बहुतेक वेळा कारण पट्टा सैल किंवा दांड्यावरचं चिकट तेल. सफाई करूनही राहिलं तर मग सेन्सरकडे वळा. कागदाची एक बाजू गडद आणि दुसरी फिकी असेल तर हेड आणि रोलर समांतर नाहीत. सगळीकडे सारखंच फिकं असेल तर आधी कागदाच्या जाडीसाठी असलेली तरफ पाहा: कुणीतरी चार कार्बन प्रती काढायला ती मागे ओढून ठेवलेली असते. अक्षरांचा वरचा भाग नीट आणि खालचा फिका, तर रिबन खाचेत नीट बसलेली नाही. ओळी मध्येच दाटीवाटीने एकमेकांवर आल्या तर कागद सरकवणाऱ्या दातेरी चाकात चीर आहे का ते बघा. आणि वेगही मोजा: भरलेली ८० अक्षरांची ओळ साधारण सेकंदाची. दोन ओळींत ती अडखळत असेल तर कॅरेज अजून जड आहे.

चाचणी स्वच्छ आली की प्रिंटर स्वतः निरोगी आहे. यापुढे जे बिघडेल ते केबलचं, स्विचांचं किंवा आज्ञांचं. ही रेघ मनात पक्की ठेवली तर पुष्कळ वेळ वाचतो.

बीबीसी मायक्रोच्या पोटाखाली २६ पिनांचा प्रिंटरचा जोड आहे. तिथून चपटी केबल प्रिंटरच्या मागच्या ३६ पिनांच्या सेंट्रॉनिक्स जोडाला येते. तयार मिळाली नाही तर करून घेता येते: स्ट्रोब ("अक्षर घे" हा इशारा) पहिल्या पिनेवर, आठ डेटा तारा दुसरीपासून नववीपर्यंत, ॲकनॉलेज ("मिळालं" हे प्रिंटरचं उत्तर) दहावीवर, आणि ग्राउंड. बीबीसी एक अक्षर पाठवून ॲकनॉलेजची वाट पाहतो. ती तार तुटली तर पहिल्या अक्षरानंतर संगणक गप्प उभा राहतो. पहिली डेटा तार तुटली तर तो बिट बहुधा कायम एकच वाचला जातो, मग बीच्या जागी सी छापतो आणि डीच्या जागी ई, पण ए आणि सी बरोबर येतात. अशी एका नियमाने होणारी अदलाबदल दिसली की प्रिंटरला हात न लावता केबल बदला.

जोडल्यावर कंट्रोल-बी दाबून प्रिंटर सुरू आणि कंट्रोल-सीने बंद, किंवा प्रोग्रॅममध्ये व्हीडीयू २ आणि व्हीडीयू ३. पहिली छपाई बहुतेक एकाच ओळीवर काळाकुट्ट पट्टा म्हणून येईल. दोष कुणाचाच नाही. बीबीसी मूळ स्थितीत लाइन-फीडचं १० हे अक्षर प्रिंटरला पाठवतच नाही, आणि प्रिंटरचा आपोआप ओळ सरकवण्याचा स्विच बंद असेल तर कागद हलत नाही. बीबीसीवर एफएक्स ६ (कोणतं अक्षर प्रिंटरला पाठवायचं नाही ते ठरवणारी आज्ञा) बदलून किंवा प्रिंटरमधला स्विच चालू करून हे सुटतं. मी स्विचच बदलतो, म्हणजे दर वेळी आज्ञा द्यावी लागत नाही. एमएक्स-८०चे हे स्विच आतल्या बोर्डावर आहेत, सफाईला उघडाल तेव्हाच पाहून ठेवा. हॅशच्या जागी पौंडाचं चिन्ह येत असेल तर देशाच्या अक्षरसंचाचे स्विच ब्रिटिश जागेवर आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

आता पिनांची शेवटची आणि सगळ्यात देखणी चाचणी. बीबीसीवर व्हीडीयू १ नंतरचा आकडा फक्त प्रिंटरकडे जातो. त्याने आधी २७, ७५, ६०, ० असे चार आकडे पाठवा. याचा अर्थ "पुढचे साठ आकडे चित्राचे उभे स्तंभ समज." मग १२८ हा आकडा साठ वेळा. मग पुन्हा तेच चार आकडे आणि ६४ साठ वेळा. असंच ३२, १६, ८, ४, २ आणि १. शेवटी १३, म्हणजे ओळ संपल्याची खूण. या पद्धतीत एका इंचात साठ स्तंभ बसतात, आणि प्रत्येक आकडा एकाच पिनेला चालवतो. म्हणून कागदाच्या आठ इंच रुंदीभर आठ पायऱ्यांचा उतार छापला जातो, प्रत्येक पायरी एक इंच लांब आणि आधीच्या पायरीपेक्षा इंचाच्या बहात्तराव्या भागाने खाली. पायरी गायब म्हणजे पिन मेलेली, तुटक म्हणजे अडखळणारी, केसाळ म्हणजे तिच्या भोकाची झीज. नववी पिन चित्रांत वापरलीच जात नाही, ती मघाच्या शेपट्यांवरून ओळखायची.

पायऱ्यांऐवजी भलतीच अक्षरं उमटली तर तुमच्या यंत्रात ग्राफट्रॅक्स नाही. सुरुवातीच्या एमएक्स-८०च्या रॉममध्ये ठिपक्यांनी चित्र काढण्याची सोय नव्हती. ती ग्राफट्रॅक्स या वेगळ्या रॉम-संचाने आली, आणि नंतरच्या टाइप थ्री यंत्रांत आतच बसवून मिळू लागली. २७, ५२ पाठवून तिरकी अक्षरं येतात का, यावरूनही हे कळतं. मराठी माणसाने ही गोष्ट विकत घेतानाच विचारात घ्यावी. या यंत्राला देवनागरी ठाऊक नाही. बीबीसीवर अक्षरं ठिपक्यांनी घडवायची आणि चित्र म्हणून छापायची, हाच मार्ग, आणि तो ग्राफट्रॅक्सशिवाय बंद आहे. नऊ पिनांवर मात्रा, वेलांटी, उकार आणि शिरोरेघ नीट बसवायला एका ओळीसाठी हेड दोन-तीनदा फिरवावं लागतं, मध्ये कागद इंचाच्या २१६व्या भागाच्या पटीत सरकवत. वेळ लागतो, पण घरच्या बीबीसीवरून कागदावर आलेली पहिली मराठी ओळ बघायला मिळावी म्हणून मी ग्राफट्रॅक्सवाल्या यंत्राला आनंदाने जास्त पैसे देईन.

सामानाची काळजी करू नका. ८७५० क्रमांकाची रिबन कार्ट्रिज एमएक्स-८०ला बसते, आणि तीच पुढे एप्सनच्याच एलएक्स-८०० आणि एलएक्स-३००लाही चालत आली. हे प्रिंटर आपल्याकडच्या दुकानांत आणि ट्रान्सपोर्टच्या ऑफिसांत इतके चालले की तशी रिबन अजूनही मिळते. सलग कागद दहा बाय बारा, एका प्रतीचा मागा. हेडचं मात्र तसं नाही. एलएक्सचं किंवा एफएक्सचं (हीही एप्सनचीच मालिका) हेड एमएक्सला बसत नाही, कुणी "सगळी एकच" म्हणालं तरी घेऊ नका. मूळ हेडची एखादीच पिन मोडली असेल तर ती बदलून देणारे कारागीर आपल्याकडे आहेत. जुनं हेड म्हणूनच टाकून देऊ नका. आणि तुम्हाला एप्सनऐवजी सेइकोशा जीपी-१००, किंवा त्याच घराण्यातला कमोडोर या संगणक कंपनीचा प्रिंटर दिसला, तर वरची पिनांची तपासणी तिथे लागू नाही. त्यांत नऊ पिना नसतात, खाचा असलेला रोलर फिरतो आणि एकच हातोडी त्यावर मारते. शिवाय कमोडोरचे बहुतेक प्रिंटर त्यांच्या स्वतःच्या गोल जोडाने येतात, ते बीबीसीला थेट लागत नाहीत.

विक्रेत्याकडे जाताना भिंग, टॉर्च, मल्टिमीटर आणि स्क्रूड्रायव्हर न्या. व्होल्टेजच्या पट्टीचा, हेडच्या नाकाचा आणि ट्रॅक्टरचा फोटो काढा. हेड मोजू दिलं नाही आणि नाकही दिसू दिलं नाही, तर सुट्या भागांच्या भावापेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका. परत आणताना रिबन काढून वेगळ्या पिशवीत ठेवा आणि कॅरेज डाव्या टोकाला नेऊन कापडाने पक्कं बांधा. रस्त्यातल्या धक्क्यांनी मोकळं कॅरेज पत्र्यावर आदळलं की तीच चपटी केबल चिरते.